पाणी गोडं का खारं?

अमरावतीत गाडगेनगरच्या बाजूला, एका घराच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहत होती. मूळची अकोल्याची, मोर्णेकाठच्या जुन्या शहरातली. मराठी घेऊन एम. ए. झालेली. तिचं नाव या गोष्टीत नाही, कारण अशा मुली आणि असे मुलगे वऱ्हाडात पुष्कळ आहेत. त्यांतलं कुणीही इथे आपलं नाव घालून वाचावं.

तिला कादंबरी लिहायची होती, तीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. या वयाला मराठी पुस्तकांनी फार उपाशी ठेवलं आहे, असं तिला वाटे, आणि ते खरंच आहे. लहानपणी ‘किशोर’चे अंक तिनं शाळेच्या कपाटातून काढून काढून वाचले होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा तो बनेश, तिच्या सोबतीला होता. मग अकरावी-बारावी आली आणि हातात एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या पडल्या. मधली दोन-चार वर्षं मात्र कोरडी गेली. त्या वर्षांत घरच्यांचा राग येतो, आरशाचा राग येतो, मनातलं कुणाला सांगावं ते कळत नाही, आणि नेमकं तेव्हाच वाचायला फारसं काही मिळत नाही. ती जागा आपण भरायची, हा तिचा निश्चय. निश्चय चांगला होता. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

पहाटे उठून ती नळ येईपर्यंत लिही. नळ आला की भांडी भरायची, खालच्या घरमालकीण आजींच्या दोन कळशा भरून द्यायच्या, पोळ्या लाटायच्या. दुपारी वाचनालय, नोकरीचे अर्ज. संध्याकाळी शिकवणी. आठवी-नववीची दहा-बारा पोरं तिच्या खोलीत सतरंजीवर बसत. खोलीचं भाडं त्यांच्याच पैशांतून निघे. पण जिन्यावर चपलांचा धडधडाट झाला की तिच्या कपाळावर आठी पडे. ‘ही पोरं नसती तर माझी कादंबरी कधीच पुरी झाली असती,’ असं ती मैत्रिणींना सांगे.

त्या पोरांत नववीतली एक मुलगी होती. गाव मूर्तिजापूर तालुक्यात, अकोला जिल्ह्यातलं. इथे मामाकडे राहून शिकत होती. शिकवणी सुटली तरी ती लवकर उठत नसे. टेबलावर उघड्या पडलेल्या वहीकडे तिचं लक्ष असे.

एकदा तिनं विचारलंच, ‘ताई, तुमी काय लिहून राहिल्या?’

‘कादंबरी आहे. तुला नाही समजणार. जा घरी, मामी वाट बघत असेल.’

पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिणारी ही मुलगी पंधरा वर्षांच्या मुलीला म्हणाली, तुला नाही समजणार. या गोष्टीतली गाठ इथेच आहे.

कादंबरी होती ती एका मुलाची. तो थंड हवेच्या गावी निवासी शाळेत शिके. तिथे धुकं होतं, उंच देवदार होते, दगडांतून झुळझुळणारा झरा होता. मुलगा झऱ्याकाठी बसून जीवनाचा विचार करी. भाषा स्वच्छ, एकही शब्द वेडावाकडा नाही. वऱ्हाडीत काय ताकद आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. उद्धव शेळक्यांची 1960 सालची ‘धग’ तिनं रात्र जागून वाचली होती. शिंप्याच्या घरातल्या कौतिकचे हाल वाचताना ती रडलीही होती. पण ती बोली मोठ्यांच्या दुःखाला शोभते, मुलांना द्यायची तर ‘शुद्ध’ भाषाच द्यावी, अशी तिची समजूत. ही समजूत शाळेनंच आपल्या सगळ्यांत घातली आहे. माझ्या मते वऱ्हाडातल्या लिहित्या पोरांचं या समजुतीनं सर्वांत जास्त नुकसान केलं.

हस्तलिखित एका प्रकाशकाकडे गेलं आणि काही महिन्यांनी परत आलं. सोबत दोन ओळी होत्या: भाषा चांगली आहे, पण यात मूल कुठे दिसत नाही.

ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिनं ठरवलं की दोष वेळेचा. शिकवणी बंद करायची, अकोल्याहून बाबांकडून पैसे मागवायचे आणि सहा महिने फक्त लिहायचं. हे सांगायला ती खाली आजींकडे गेली, कारण भाड्याचा प्रश्न होता.

आजी महानुभाव पंथाच्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आइतवारी मले रिद्धपूरले जा लागते. गुडघे बोलून राहिले. तू चाल संग. भाड्याचं मंग पाहू.’

रिद्धपूर मोर्शी तालुक्यात. एसटीनं दोघी गेल्या. मुलीनं ते गाव कधी पाहिलं नव्हतं; परीक्षेत मात्र लिहिलं होतं. ‘लीळाचरित्र’, म्हाइंभट, तेरावं शतक, मराठीतला आद्य गद्यग्रंथ; एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. दहा गुणांची टीप तिला तोंडपाठ होती. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, हेही तिनं बातमीत वाचलेलं. आजींनी दर्शन घेतलं, सावलीत बसल्या, पाय लांब केले आणि तीच टीप आपल्या तऱ्हेनं सांगायला लागल्या.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेले. मागं राहिलेली माणसं आठवणी काढून रडत. म्हाइंभट मोठे पंडित, शास्त्रं शिकलेले, वादात ऐकणारे नव्हेत. त्यांनी मनात आणलं असतं तर घरी बसून सुंदर चरित्र रचलं असतं. ते तसं बसले नाहीत. स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांना विचारलं, आणि त्यांच्यावर न थांबता ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन पुसलं. स्वामी काय जेवले, कुठे निजले, कुणाला काय बोलले, इतकं बारीक. म्हणून आज सातशे वर्षांनीही त्या ग्रंथात माणसं चालता-बोलताना दिसतात. स्वामींची शिष्या महदाइसा तर पुसण्यात सगळ्यांच्या पुढे. तिची प्रश्न विचारण्याची हौस ‘लीळाचरित्रा’त नोंदलेली आहे, आणि तिनं ‘धवळे’ ही लग्नगीतं रचली ती याच रिद्धपुरात. पुढे पंथातले पंडित केशिराज व्यास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण साधं होतं: माझ्या म्हाताऱ्या बायांना ते कळायचं नाही.

हे सगळं मुलीला माहीत होतं. पण माहीत असणं आणि अंगाला लागणं यांत फरक आहे. आजी पुढे जे बोलल्या ते कुठल्याच गाइडात नव्हतं.

‘बाई, तू शिकेलसवरेल पोट्टी. पर म्हाइंभट तुह्याहून मोठे पंडित. त्याईनं पयले पुसलं, मंग लिवलं. तू लेकराईसाठी लिवतं म्हनतं. मंग कोन्या लेकराले पुसलं? रोज बारा लेकरं तुह्या घरी चालत येतात, अन् तू त्याईले हाकलून त्याईच्यासाठीच लिवाले बसतं.’

परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून गप्प होती. दुसऱ्या दिवशी शिकवणी सुटल्यावर तिनं त्या मुलीला थांबवलं. ‘बस. तुला एक पान वाचून दाखवते.’

मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसली. ताई वाचू लागली. देवदार आले, धुकं आलं. मुलगी पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत होती. एकदा तिनं तोंडावर हात धरून जांभई दाबली. हे सगळं ताईला वहीच्या वरून दिसत होतं आणि तिच्या आवाजातला जोर ओळीओळीला कमी होत होता. मग झरा आला. मुलानं ओंजळ भरून पाणी प्यायलं. तेवढ्यात त्या मुलीनं मान वर केली.

‘ताई, हे पानी गोडं हाय का खारं?’

ताईला उत्तर देता येईना. तिनं पाणी लिहिलं होतं. त्याला चव असते हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

‘असं का विचारलंस?’

मग ती मुलगी बोलू लागली. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, कसदार, पण खाली विहीर खोदा की बोअर मारा, लागतं ते खारं पाणी. ते पिकाला देता येत नाही, म्हणून शेती पावसावर. पिण्याच्या पाण्यासाठी नळयोजनेची आणि टँकरची वाट पाहायची. ‘त्या पान्यात दाय शिजत नाही, ताई. माय गोडं पानी दायीसाठी येगळं ठेवते. पाव्हना आला का पयले इचारतो, गोडं देऊ का?’ तिच्या गावाहून मूर्तिजापूरच्या शाळेला मुली निळ्या बसनं जात, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या. बस चुकली की पायी. एकदा तिघी अंधारात चालत आल्या, तर एकीच्या बापानं तिची शाळाच बंद केली. ‘ते माह्याहून हुशार होती. आता कापूस वेचाले जाते. म्हनून मामानं मले इकडे आनलं.’

सांगताना ती दोरा ओढायची विसरली होती. खाली दिवे लागले, मामीचा फोन आला, तरी दोघी बसून होत्या.

अकोल्याची ही ताई सणासुदीला बडनेऱ्याहून रेल्वेनं घरी जाई. गाडी मूर्तिजापूरला थांबे. तिथे कधी उतरावं असं तिला वाटलं नव्हतं. पुढच्या खेपेला ती उतरली. शिकवणीतल्या मुलीच्या आईला भेटली, शाळा सुटलेल्या त्या पोरीशी बोलली. खाऱ्या पाण्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं, तशा दोघी हसल्या. वही उघडायच्या आधी तिनं विचारलं, ‘लिहू का हे?’ पोरगी म्हणाली, ‘लिवा. पर माह्या बापाले वाईट नोका दाखवू. त्याले भेव वाटलं होतं.’

हे वाक्य घरी बसून कुणालाही सुचलं नसतं. बाप दुष्ट दाखवणं सोपं होतं. भ्यालेला बाप लिहायला ती पोरगीच भेटावी लागली.

ताई ज्या गाडगेनगरात राहते, तिथे गाडगेबाबांची समाधी आहे. बाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. त्यांचं कीर्तन कसं चाले हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारत, समोरच्या गर्दीतून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावरच पुढचं बोलणं उभं करत, तेही लोकांच्याच वऱ्हाडी बोलीत. समाधीवरून रोज जाणारी ती मुलगी पहिल्यांदा तिथे थोडा वेळ थांबली. ज्याच्यासाठी बोलायचं त्याला आधी विचारायचं, ही रीत या मातीत म्हाइंभटांपासून गाडगेबाबांपर्यंत चालत आली आहे, आणि आपण तिच्याबाहेर बसून लिहीत होतो, हे तिला तिथे कळलं.

देवदारांची कादंबरी तिनं फाडली नाही, ट्रंकेत ठेवली. नवी सुरू झाली ती एका निळ्या बसपासून. संवाद वऱ्हाडीत, निवेदन सरळ साध्या मराठीत. शिकवणी बंद झाली नाही. शनिवारी गणित लवकर आटोपतं आणि पोरं सतरंजीवर गोल बसतात. ताई आठवड्याचं लिहिलेलं वाचते. एखादा मुलगा म्हणतो, ‘असं कोनी बोलत नाही, ताई,’ आणि ती ते वाक्य खोडते. कधी पोरांचं चुकतं, तेव्हा ती आपलं वाक्य तसंच ठेवते. लिहिणारी शेवटी तीच आहे. एकदा मात्र वाचन संपल्यावर कुणीच उठेना. ‘पुढं काय झालं?’ एवढंच सगळे विचारत होते. कादंबरीकाराला याहून मोठं बक्षीस मला माहीत नाही.

कादंबरी अजून पुरी झालेली नाही. छापली जाईल की नाही, ते आज सांगता येत नाही.

अमरावती-अकोल्यात अशी लिहिणारी पोरं भाड्याच्या खोल्यांतून आज राहतात, शिकवण्या घेतात, पहाटे उठून लिहितात. गावोगावच्या वाचनालयांना आणि शाळांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका शनिवारी त्यांना एक खोली आणि आठवी-नववीची दहा-बारा मुलं द्या. लिहिणाऱ्यानं वाचावं, मुलांनी ऐकावं आणि मनात येईल ते विचारावं. खर्च एका सतरंजीचा आहे, आणि ती शाळेत असतेच.