आई-फोन

दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या राउटरचा डीएनएस बदलला. कारण साधं होतं, जाहिराती. आई एखादी रेसिपी उघडायची आणि साहित्याच्या यादीआधी पाच जाहिराती, दोन खोटी ‘डाउनलोड’ बटणं. त्यातलं एक तिनं एकदा दाबलंही होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टचा रास्पबेरी पाय ड्रॉवरमध्ये धूळ खात पडला होता. त्यावर पाय-होल टाकलं, १९२.१६८.१.१ उघडून राउटरमध्ये त्याचा पत्ता भरला आणि सेव्ह केलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

फोनला आकडे कळतात, नावं कळत नाहीत. तुम्ही साइटचं नाव टाकलंत की तो आधी कुणाला तरी विचारतो, हिचा पत्ता काय? उत्तर देणारा तो डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ही पद्धत १९८३ साली मांडली. त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवं नाव नोंदवायचं तर त्यांना कळवायचं. आपण कोणाला विचारतोय हे तेव्हा विचारणाऱ्याला माहीत असायचं. आता वायफायला जोडलेल्या प्रत्येक फोनला राउटर एक नंबर देतो आणि सोबत सांगतो, पत्ता हवा असला की याला विचार. फोन ऐकतो. फोनच्या मालकाला यातलं काही कळत नाही.

आमच्या घरात तो ‘याला’ म्हणजे मी झालो होतो.

सुरुवातीला लॉगमध्ये नुसते आकडे दिसायचे. अमुक वाजता १९२.१६८.१.१४ नं अमुक साइट विचारली. ते बघून काही वाटायचं नाही. मग मला नीटनेटकेपणाची हौस आली. घरच्या नेटवर्कसाठी ‘होम डॉट आर्पा’ हे डोमेन २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलेलं आहे. तेच मी आमच्या घराला दिलं आणि त्याखाली एकेका यंत्राचं बारसं केलं. बाबा-लॅपटॉप, टीव्ही, आई-फोन. (हा विनोद मी तीन मित्रांना पाठवला होता.) त्या रात्रीपासून १४ नंबर काही विचारेनासा झाला. विचारायची ती आई.

फेब्रुवारीत एकदा इंटरनेट रखडलं म्हणून मी लॉग उघडला. आई-फोनच्या नावापुढे लाल ओळींची रांग होती, एकच नाव ४१ वेळा. तीन रात्री, साडेअकरानंतर, म्हणजे आम्ही सगळे झोपल्यावर. ते नाव ईमेल पाठवणाऱ्या एका सेवेचं होतं. मेलमधल्या लिंकवर कोण टिचकी मारतं हे मोजण्यासाठी कंपन्या असली नावं मध्ये घालतात, म्हणून ते माझ्या ब्लॉकलिस्टमध्ये होतं. त्याच्या आगेमागे हिरव्या ओळी होत्या, घरबसल्या पदवी पूर्ण करून देणाऱ्या एका संस्थेच्या.

आईचं लग्न झालं तेव्हा ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढचं सगळं मला त्या ओळींवरून कळलं. तिनं फॉर्म भरला असणार. ‘ईमेलची खात्री करा’ असा मेल आला असणार. तिनं बटण दाबलं असणार, आणि पान उघडलं नसणार. मोबाईल डेटावर तेच बटण चाललं असतं. संस्थेच्या साइटवर अर्जाची तारीख बघितली. उलटून आठ दिवस झाले होते.

ब्लॉक केलेलं नाव कुणी विचारलं की पाय-होल उत्तर देतं ०.०.०.०, म्हणजे कुठेच नाही असा पत्ता. ‘ही साइट या घरात बंद आहे’ असं ते म्हणत नाही. कॉलेजच्या वायफायवर निदान तशी पाटी दिसायची, तिच्यावर चिडता यायचं, लायब्ररीवाल्या सरांशी भांडता यायचं. इथे भांडायला समोर कुणी नाही. युधिष्ठिरानं निदान ‘नरो वा कुंजरो वा’ पुटपुटण्याचे कष्ट घेतले होते. माझ्या यंत्रानं तिला साफ खोटं सांगितलं, ४१ वेळा, माझ्या वतीनं.

हे फक्त माझ्या घरात होतं असंही नाही. १ एप्रिल २०२० रोजी क्लाउडफ्लेअरनं कुटुंबांसाठी १.१.१.३ हा डीएनएस सुरू केला. अश्लील साइट बंद करणारा. पहिल्याच दिवशी चुकीची यादी वापरली गेल्यामुळे त्यानं समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या माहितीच्या साइटही बंद केल्या. कंपनीनं चूक मान्य करून जाहीर माफी मागितली. पण त्या दिवशी एखाद्या मुलानं चोरून काही शोधलं असेल, तर त्याला काय दिसलं असेल? न उघडणारं पान. चूक यादीची आहे हे त्यानं कशावरून ओळखायचं?

मित्र म्हणाला, तू जगातल्या निम्म्या कचऱ्यापासून घर वाचवलंस, आणि तू नसतास तर इंटरनेट कंपनीचा डीएनएस हेच सगळं बघत असता. दोन्ही खरं आहे. पण ती कंपनी आमच्या टेबलावर जेवत नाही. शिवाय तो मित्र घरी येतो तेव्हा त्याच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असतो, माझ्या लॉगमध्ये तो दिसतच नाही. निसटायची वाट होती. ती माहीत असलेल्यांसाठी होती.

मी ते नाव मोकळं केलं. अडचण पुढे होती. चूक तुझी नव्हती हे आईला सांगायचं, तर मी बघितलं हेही सांगावं लागणार. आणि न सांगावं, तर ती आयुष्यभर समजणार की तिला साधा फॉर्म भरता आला नाही. चार दिवस मी गप्प राहिलो. त्यातले दोन तिच्या भल्यासाठी होते अशी मी स्वतःची समजूत घातली. लॉग पुसला, नोंदी ठेवणंच बंद केलं, आणि मग स्वयंपाकघरात गेलो. ती मेथी निवडत होती.

“आई, तुझा फोन बरोबर होता. ती लिंक मी बंद करून ठेवली होती.”

“कुठली लिंक?”

“रात्री उघडत नव्हती ती.”

तिचे हात थांबले. “म्हणजे मी काय बघते ते तुला दिसतं?”

“पानं नाही दिसत. फक्त नावं दिसतात.”

“नावं पुरतात की.” बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलं, आपल्यालाच येत नाही.”

“पुढचे अर्ज जुलैत आहेत,” मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, हेही मी बोलायला नको होतं. “मी सगळं पुसून टाकलंय. आता काही राहिलं नाही.”

“कधी पुसलंस?”

“आत्ताच. इकडे यायच्या आधी.”

तिनं पुढची जुडी सोडली. “आधी मला दाखवायचं होतंस,” ती म्हणाली.