अकलेची तयारी

आठवीतल्या भाचीसाठी आम्ही राजापूरच्या बाजारातून बुद्धिमत्ता चाचणीचं सराव पुस्तक आणलं, तेव्हा तिची नानी म्हणाली, "अक्कल अल्लानं दिलेली असते. तिची तयारी कसली करता?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांला उत्तर सुचेना.

परीक्षा होती आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची. तिच्या दोन पेपरांपैकी एक बौद्धिक क्षमता चाचणीचा. 90 मिनिटांत 90 प्रश्न : संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातल्या आकृत्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. ज्या घरांना या रकमेचं मोल ठाऊक आहे, त्याच घरांतली मुलं हिला बसतात.

नानीच्या म्हणण्यात तथ्य आहेच. डोळे तपासायला जाताना कोणी भिंतीवरचा तक्ता पाठ करून गेला, तर तो डॉक्टरला नव्हे, स्वतःलाच फसवतो. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह 1905 साली पॅरिसमध्ये चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतून घेतली. अशा चाचणीआधी मुलाला पढवणं म्हणजे त्याला मिळणारी मदत आपणच अडवणं.

शिष्यवृत्तीची चाचणी मात्र मदत कोणाला हवी हे विचारत नाही. जागा मोजक्या, म्हणून ती निवड करते. एका शाळेत वर्षभर जादा तास होतात. दुसऱ्या शाळेतलं मूल उत्तराचं वर्तुळ कसं रंगवायचं हे परीक्षेच्या दिवशी शिकतं. दोघांच्या गुणांतला फरक अकलेचा म्हणायचा का? इथे तयारी टाळणं हा प्रामाणिकपणा नव्हे. तो आपल्याच मुलावर अन्याय आहे.

तयारी कशी करावी, हे आम्ही चुकून शिकलो. भाचीनं आधी उत्तरं पाठ केली. आकृती जराशी फिरवली, की ती अडायची. मग एका संध्याकाळी नानीच्या कपाटाच्या आरशासमोर पुस्तक धरलं. डावं उजवीकडे जातं, वरचं मात्र वरच राहतं, हे तिनं स्वतः पाहिलं. नानीही शेजारी येऊन बसली. त्यानंतर पाठांतराची गरज उरली नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही मनाशी पक्की केली. तयारी करायची आणि मिळालेल्या गुणांना अक्कल म्हणायचं, ही दोन्ही एकदम करता येत नाहीत. निवड झाली तर ती सरावाची आणि मेहनतीची कमाई. मुलगी इतरांहून वरची ठरत नाही. नाही झाली, तर तिला 'ढ' म्हणण्याचा हक्क आम्हांला नाही. आणि सरावानं एवढा फरक पडत असेल, तर ते पुस्तक एकाच घरात ठेवणंही बरं नव्हे.

आता शेजारची दोन मुलंही संध्याकाळी येतात. नानी त्यांच्यासाठी कपाट उघडून आरसा उजेडाकडे वळवून ठेवते.