प्रारब्ध आणि वकीलपत्र

रुग्णालयातील मृत्यूनंतर ‘आयुष्यच तेवढे होते’ असे मानणाऱ्या कुटुंबाने वकिलाकडे जावे काय, या प्रश्नात कर्मसिद्धान्ताचा जुना पेच दडलेला आहे. कारण प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले पूर्वकर्म, रोग्याचे भोग ठरवीत असले, तरी डॉक्टरचे क्रियमाण, म्हणजे आज घडणारे कर्म, त्यामुळे निर्दोष ठरत नाही, आणि योगवासिष्ठाने तर दैवापेक्षा पौरुषालाच झुकते माप दिले आहे. कायद्याच्या बाजूने पाहता, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता खटल्यातील निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आल्या हे निश्चित झाले. तथापि केवळ वाईट परिणामाला न्यायालये निष्काळजीपणा, म्हणजे अपेक्षित कौशल्य व दक्षता यांचा अभाव, मानीत नाहीत. म्हणून वकिलाच्या पहिल्या भेटीपूर्वी केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, संमतिपत्र, बिले आणि घटनांचा तारीखवार क्रम जुळवणे आवश्यक ठरते. मागितलेल्या नोंदी ७२ तासांत मिळाव्यात, असे २००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत मात्र सामान्यतः दोनच वर्षांची असल्याने शोक ओसरण्याची वाट फार काळ पाहता येत नाही. रोग्याने औषध मध्येच सोडले असल्यास तेही वकिलापासून लपवू नये. जो कर्माचा हिशेब मागतो, त्याने स्वतःच्या बाजूचे कर्म वगळणे तर्काला धरून नाही, आणि अशिलाचे बोलणे गोपनीय राखण्याचे बंधन वकिलावर असतेच.