दात्याचा स्वार्थ

रक्तपेढीत रक्त देणाऱ्याकडून जो अर्ज भरून घेतला जातो, त्यात एक साधी नोंद असते. हे रक्त स्वेच्छेने दिले जात आहे, की एखाद्या रुग्णासाठी घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात? पहिल्याला ऐच्छिक रक्तदान म्हणतात, दुसऱ्याला बदली रक्तदान. कारकुनी सोयीसाठी केलेल्या या भेदात नीतिशास्त्रातील एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. मनुष्य दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तेव्हा त्याच्या मुळाशी स्वतःचे हित मुळीच नसते, असे कधी घडते काय?

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दधीची आणि शिबी यांच्यापासून सुरू होते, आणि त्यामुळे तिचे नुकसानच झाले आहे. देवांच्या शस्त्रासाठी अस्थी देणारा ऋषी आणि कबुतराला वाचवण्यासाठी स्वतःचे मांस कापून देणारा राजा ही उदाहरणे इतकी उत्तुंग आहेत, की सामान्य माणूस आपोआपच चर्चेबाहेर राहतो. शिवाय शिबीच्या कथेत कबूतर आणि ससाणा हे दोघेही अखेर वेष पालटून आलेले देव निघतात. परीक्षा संपते आणि राजाला कीर्ती लाभते. संशयवाद्याच्या हाती आयतेच साधन येते. त्यापेक्षा साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी अधिक बोलकी आहे. तीत त्याग थोडा, वेदना क्षणाची. शरीर काही आठवड्यांत ती उणीव भरून काढते. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांचे वर्ग पाडले आहेत. स्वहित सोडून परहित साधणारे सत्पुरुष, स्वहिताला बाध न आणता परहितासाठी झटणारे सामान्यजन, स्वार्थासाठी परहित बुडवणारे राक्षस, आणि ज्यांना काय म्हणावे ते त्यालाही उमगले नाही असे निष्कारण घातकी. रक्तदाता यांतल्या दुसऱ्या वर्गात बसतो. खरा वादही याच वर्गाविषयी आहे, कारण जगातील बहुतेक मदत याच वर्गातून येते.

स्वार्थवाद्यांची बाजू सर्वांत निर्भीडपणे मांडली ती सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज याने. त्याचा चरित्रकार जॉन ऑब्री याने एक प्रसंग नोंदवला आहे. एका दुर्बळ वृद्ध भिकाऱ्याला हॉब्जने भिक्षा घातली. जवळच असलेल्या धर्मोपदेशकाने विचारले, की ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी हे दान झाले असते काय? हॉब्ज म्हणाला, झाले असते. कारण त्या म्हाताऱ्याची दैना पाहून होणारा क्लेश त्याला भिक्षा दिल्याने आपलाही हलका झाला. उत्तर प्रामाणिक आहे आणि चतुरही. दान झाले, पण त्याचे श्रेय दात्याच्या स्वतःच्या सुखाकडे गेले.

या युक्तिवादाचे बळ त्याच्या अजिंक्यतेत आहे, आणि दुबळेपणाही तिथेच. रक्त देणाऱ्याला समाधान वाटले, तर त्याने ते समाधानासाठी दिले. वाटले नाही, तर अपराधी भावना टाळण्यासाठी दिले. तेही नसेल, तर लोकांनी चांगले म्हणावे म्हणून. आणि कोणालाच कळू दिले नसेल, तर स्वतःच्या नजरेत मोठे होण्यासाठी. कोणतीही कृती दाखवावी, तिच्यामागे स्वार्थ काढून देण्याची हमी हा सिद्धान्त आधीच देऊन बसलेला असतो. ज्याला खोटे ठरवणारी घटना कल्पनेतही उभी करता येत नाही, असा सिद्धान्त माणसाविषयी काही सांगत नाही. तो केवळ ‘स्वार्थ’ या शब्दाची व्याप्ती वाढवतो. जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांत यावर मार्मिक बोट ठेवले आहे. इच्छा पुरी झाल्याचे सुख मिळण्यासाठी आधी सुखाव्यतिरिक्त दुसऱ्या कशाची तरी इच्छा असावी लागते. ज्याला त्या म्हाताऱ्याचे काहीच वाटत नव्हते, त्याला भिक्षा घालून कसला दिलासा मिळणार? हॉब्जचा क्लेश हलका झाला तो क्लेश आधी होता म्हणून. आणि तो क्लेश म्हाताऱ्याच्या दुःखाचा होता, हॉब्जच्या नव्हे.

येथे भारतीय परंपरा एक वेगळी अडचण उभी करते. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो, की पती, पत्नी, पुत्र, वित्त यांतले काहीही त्या त्या वस्तूसाठी प्रिय नसते. आत्म्यासाठी ते प्रिय असते. वरवर पाहता हा हॉब्जचाच पूर्वज वाटावा. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाचा परामर्श घेताना या संवादाकडे लक्ष वेधले आहे, ते योग्यच होय. फरक इतकाच, की पाश्चात्य स्वार्थवादी ‘स्व’पाशी येऊन थांबतो, तर याज्ञवल्क्याचा प्रश्न तेथून सुरू होतो. हा ‘स्व’ म्हणजे नेमका कोण? तो कातडीच्या आत संपत नसेल, तर स्वार्थ आणि परार्थ यांच्यामधली भिंतच राहत नाही.

हा केवळ वेदान्त्यांचा शब्दच्छल नव्हे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे दिसून आले. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात डॅनियल बॅटसन आणि त्याचे सहकारी यांनी एक प्रयोग रचला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘इलेन’ नावाची एक तरुणी विजेचे धक्के सोसत आहे, असे विद्यार्थिनींना पडद्यावर दाखवण्यात आले. वस्तुतः धक्के नव्हतेच. ती अभिनय करीत होती. काही जणींना थोडा वेळ पाहून निघून जाण्याची मुभा होती, इतरांना शेवटपर्यंत पाहणे भाग होते. नंतर प्रत्येकीला विचारले गेले, की इलेनच्या जागी बसून तू धक्के घेशील काय? हॉब्जचे म्हणणे खरे असते, तर जिला निघून जाता येत होते तिने निघून जायला हवे होते. स्वतःचा क्लेश टाळण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. ज्यांना इलेन परकी वाटली होती, त्यांतल्या बहुतेकींनी तेच केले. पण जिला ती आपल्यासारखीच आहे असे भासवण्यात आले होते, अशा मुलींपैकी बहुतेकींनी दार उघडे असतानाही तिची जागा घेण्याची तयारी दाखवली. पुढे १९९७ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, की अशा वेळी दुसऱ्याशी एकरूपता वाटू लागते आणि मदत होते ती त्या दुसऱ्यात सापडलेल्या स्वतःला. मग हा परार्थ कसा? मैत्रेयीने हा आक्षेप ऐकला असता तर तिला तो परिचयाचा वाटला असता. तथापि ज्या ‘स्व’मध्ये पडद्यावरची अनोळखी मुलगी सामावते, त्याच्या अर्थाला स्वार्थ म्हणण्याने स्वार्थवाद्याच्या पदरात काय पडते, हे सांगणे कठीण आहे.

वाद येथेच संपला असता, तर तो पंडितांपुरता राहिला असता. परंतु माणूस कशासाठी देतो याविषयी समाजाने जे गृहीत धरलेले असते, त्यावर त्याच्या संस्था उभ्या राहतात. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० मध्ये रक्तदानावरील ग्रंथात ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना केली. ब्रिटनमध्ये रक्त विनामूल्य दिले जात होते. अमेरिकेत त्याचा मोठा हिस्सा विकत घेतला जात होता. टिटमसचे निरीक्षण असे, की विकणाऱ्याला आपला आजार लपवण्यात फायदा असतो. म्हणून विकतच्या रक्तातून कावीळ पसरण्याचा धोका अधिक. देणाऱ्याला खोटे बोलून काहीच मिळवायचे नसते. दात्याचा हेतू हा केवळ त्याच्या मनाचा खाजगी प्रश्न राहिला नाही. तो रुग्णाच्या शिरेत उतरला.

भारतात हे फार उशिरा मानले गेले. पोटासाठी पुनःपुन्हा रक्त विकणाऱ्यांवर येथील अनेक रक्तपेढ्या अवलंबून होत्या. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय देऊन व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले. पद्धत कागदोपत्री बंद झाली, पण तिच्या जागी आलेली बदली रक्तदानाची अट त्याच गृहीतावर उभी होती, की कोणीही कोणाला फुकट काही देत नाही. रुग्णाच्या नातलगांना सांगितले जाई, एक पिशवी न्या, एक भरा. परक्या शहरात उपचारांसाठी आलेल्या माणसाने नातलग कोठून आणावेत? मग रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पैसे घेऊन मामा किंवा मेहुणा होणारी माणसे भेटू लागली. स्वार्थ गृहीत धरणाऱ्या नियमाने स्वार्थ निर्माण केला, आणि वर त्याला नात्याचे नाव दिले.

महाभारतातील एक संवाद येथे आठवण्याजोगा आहे. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला टोचून विचारते, की एवढा धर्म पाळून मिळाले काय? तो म्हणतो, आपण फळासाठी धर्म करीत नाही. द्यायचे म्हणून देतो. धर्माचे दोहन करू पाहणाऱ्याला तो धर्माचा व्यापारी म्हणतो. युधिष्ठिराच्या उत्तराने द्रौपदीचे समाधान झाल्याचे दिसत नाही, आणि ते होऊ नये हेही ठीकच. केवळ हेतूच्या शुद्धतेवर राज्य चालत नाही, तशी रक्तपेढीही चालत नाही. स्वीडनमधील एका प्रयोगात, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, रक्तदाता होण्यासाठी सुमारे ५० क्रोनरचा मोबदला देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर घसरले. पुरुषांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. याउलट प्रत्यक्ष शिबिरांच्या पुढील अभ्यासांत छोट्या भेटींनी दाते वाढल्याचेच आढळले. नेत्यांच्या वाढदिवसाला शिबिरे भरवून भेटवस्तू वाटणाऱ्यांना हे प्रयोगाविनाच ठाऊक होते! भेटीसाठी आलेल्या तरुणाचे रक्तही लालच असते, आणि त्याच्यावर सात्त्विकतेची सक्ती करण्यात अर्थ नाही. पण भेट न देताही जे येतात त्यांचे स्पष्टीकरण भेटीतून मिळत नाही.

या साऱ्याची कसोटी पाहणारे एक उदाहरण मुंबईनेच जगाला दिले आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मुंबईत आढळलेल्या एका नव्या रक्तप्रकाराची नोंद केली. तो आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. सर्व नेहमीच्या गटांच्या मुळाशी असणारा ‘एच’ हा घटक या रक्तात नसतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. या गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशी इतर गटांच्या रुग्णांना देता येतात, मात्र त्याला घेता येते ते फक्त आपल्यासारख्याचे. साठवण पस्तीस ते बेचाळीस दिवसांपलीकडे साध्या शीतकपाटात टिकत नाही; म्हणून गरज पडेल तेव्हा यादीतल्या कोणाला तरी दूरध्वनी करून बोलावावे लागते.

स्वार्थवादी म्हणेल, येथे तर हिशेब उघड आहे. आज त्याने दिले, कारण उद्या त्याला लागेल. पण हा हिशेब तपासून पाहिला तर जुळत नाही. यादी असावी, ती मोठी व्हावी, हे प्रत्येकाच्या हिताचे आहे, यात शंका नाही. परंतु उद्या ज्याला रक्त लागेल, त्याने पूर्वी दिले होते काय, असे विचारून पिशवी अडवली जात नाही; न देणाऱ्यालाही ती मिळते. तेव्हा ज्याचा केवळ स्वतःच्या उद्याचा विचार आहे, त्याचे सर्वांत शहाणे धोरण म्हणजे यादीत नाव नोंदवावे आणि रात्री अडीच वाजता फोन आला तर तो न उचलणे. यादी का आहे, हे स्वार्थाने सांगता येते. त्या रात्री उठून, चप्पल पायात सरकवून, मिळेल त्या वाहनाने दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जाणारा माणूस का गेला, हे तेवढ्याने सांगता येत नाही.

त्याला रुग्ण बहुधा दिसतही नाही. पिशवीवर गट, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. दात्याचे नाव नसते. रक्तगटाच्या प्राथमिक तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, त्यामुळे यादीत येण्याजोगी किती माणसे आपला गट ‘ओ’ समजून निर्धास्त आहेत, याची गणती कोणाकडेच नाही.