कौल नव्हे, मार्गदर्शन

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घराण्यांत पूर्वीं देवळांत कौल लावीत असत. मूर्तीला फुलें चिकटवावीं, आणि कोणत्या बाजूचें फूल आधीं पडलें त्यावरून होकार कीं नकार तें ठरवावें. ती चाल आपण सोडली; पण ती चाल आपणांस सोडून गेली काय? डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावें व जेथें बोट पडेल तें देवाचें उत्तर मानावें, किंवा दोन चिठ्ठ्या शास्त्राच्या पानांत ठेवून लेंकराकडून एक काढवावी, हा प्रकार खेड्यांतील घरांत होतो आणि घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतही होतो. ह्याला कौल म्हणूं नये तर काय म्हणावें?

समजा, नगरकडील खेड्याचा एक तरुण मुलुंडला नोकरीस आहे. गांवीं बाप अंथरुणाला खिळला आहे, भाऊ म्हणतो, "ये." नोकरी सुटली तर मुलांची शाळा सुटते. तो चिठ्ठ्या टाकतो. "जाऊं नको" असें निघतें, आणि त्याच्या जिवाला बरें वाटतें, कारण त्याला जावयाचेंच नव्हतें! अहो, आईबापांस मान देण्याची आज्ञा त्याला बाळपणापासून ठाऊक आहे. ती पाळावी कीं नाहीं हा प्रश्नच नव्हे. रजा काढावी, कीं बापाला इकडे आणावें, कीं भावाकडे दरमहा पैसे पाठवावे, एवढेंच देवाला विचारावयाचें आहे.

कोणी म्हणेल, गिदोनानें लोकर ठेविली ना? होय, पण शास्त्यांचा सहावा अध्याय पुन्हां वाचा. लोकर ठेवण्यापूर्वींच परमेश्वरानें त्याला स्पष्ट शब्दांनीं पाठविलें होतें. लोकर ही त्याच्या भीतीची खूण होती, आणि देवानें त्या भीतीची कींव केली. प्रेषितांनींही मत्थियाच्या निवडीच्या वेळीं चिठ्ठ्या टाकल्या. परंतु पवित्र आत्मा उतरल्यावर त्यांनीं पुन्हां तसें केल्याचें कृत्यांच्या पुस्तकांत कोठें आढळत नाहीं.

मार्ग कसा मिळतो तें पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत पाहा. १८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत मोठा दुष्काळ पडला. बाई तेव्हां पुण्यास शारदा सदन चालवीत होत्या. तरुणपणींच उपासमारीच्या दिवसांत त्यांचे आईबाप व बहीण गेलीं होतीं. भूक म्हणजे काय हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. त्या स्वतः दुष्काळी मुलखांत गेल्या. तीनशें मुली वांचवाव्या असें प्रभूनें आपल्या मनांत घातलें, असें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. तितका पैसा गांठीं नव्हता. मुली आणूं लागल्या तों पुण्यांत प्लेग, आणि नव्या मुलींस शहरांत ठेवण्यास मनाई! परंतु शाळेच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून बाईंनीं पूर्वींच केडगांवास जमीन घेऊन फळझाडें लाविली होतीं. मुलींस तिकडे नेलें, आणि तेथेंच मुक्ति सदन उभें राहिलें. झाडें लावितांना त्यांच्यापुढें शाळेचा खर्च होता. देवापुढें त्या मुली होत्या.

मुलुंडहून निघालेल्या लोकलच्या चालकाला मुंबईपर्यंतचे सगळे सिग्नल एकदम दिसत नाहींत. जवळचा दिसतो, त्यावर तो गाडी हांकतो. आम्ही मात्र स्थानकांतच उभे राहून शेवटचा सिग्नल मागतों.

आणि कधीं कधीं दोन्ही वाटा चांगल्या असतात. तेव्हां प्रार्थना करावी, मंडळींतील वडील माणसांस विचारावें, आणि एक वाट धरून निघावें. आपण दुसऱ्या वाटेनें गेलों असतों तर देव तेथें भेटला नसता, असें मानणें हा त्याचा अपमान आहे.

उपदेशक बंधूंनो, असा तरुण चिठ्ठ्या घेऊन तुमच्याकडे आला तर त्याला रागावूं नका. त्याच्याबरोबर गुडघे टेका. मग चिठ्ठ्या त्याच्या हातून काढून घ्या, आणि गांवाकडे भावाला फोन लावून द्या.