मुदत आणि माफी

‘मोरेटोरियम’ हा इंग्रजी शब्द २०२० साली टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. हप्ते माफच झाले, असा पुष्कळांचा समज झाला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातील व्याजावरचे व्याज घेऊ नये असे ठरविले. मूळचे व्याज मात्र राहिलेच.

लॅटिन ‘मोरा’ म्हणजे विलंब. रोमन कायद्यात वेळेवर देणे न फेडणाऱ्याचा दोष याच शब्दाने सांगत. त्या दोषाच्या शब्दातूनच सवलतीचा शब्द निघाला, हे मोठे नवल! आपल्याकडे शेतसाऱ्याच्या कारभारात ‘तहकुबी’ वेगळी आणि ‘सूट’ वेगळी, हे कुळकर्ण्यापासून कुणब्यापर्यंत सर्वांना ठाऊक असे.

मग मुदत देणे ही दया म्हणावी काय?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला शब्बाथ शाळेत आपण नेहमी शिकवितो. पण एक गोष्ट निसटते. त्या चाकराने माफी मागितलीच नव्हती. मागितली होती मुदत. त्याचे देणे दहा हजार तालंतांचे. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर ते फेडण्यास सुमारे दोन लाख वर्षे लागली असती. अशास मुदत देणे म्हणजे थट्टाच; म्हणून धन्याने सारेच सोडले. उलट त्याच्या सोबत्याचे देणे शंभर दिनारांचे, म्हणजे तीनचार महिन्यांच्या मजुरीचे. तेथे मुदत पुरेशी होती. त्यानेही जवळजवळ त्याच शब्दांत ती मागितली, आणि तेवढीही मिळाली नाही.

तेव्हा मुदत कोठे द्यावी व माफी कोठे, हे देणेकऱ्याची ऐपत पाहिल्यावाचून ठरत नाही. सन १९३१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांच्या सूचनेवरून महायुद्धाची राष्ट्राराष्ट्रांतील देणी एक वर्ष थांबली. वर्ष सरले, पण अमेरिकेचे देणे बहुतेक देशांनी पुढे फेडलेच नाही. फिनलंड मात्र फेडीत राहिला.

माझ्या एका शेजाऱ्याला मी काही रुपये उसने दिले होते. दर वेळी मी मोठ्या मनाने म्हणे, “सवडीने द्या, घाई नाही.” त्यांच्याकडून ते फिटणार नाहीत, हे मला दिसत होते. तरी “राहू द्या” हे दोन शब्द तोंडातून निघेनात. पुढे मी समोरून येताना दिसलो की ते गल्ली बदलू लागले.