दुखत नाही, म्हणूनच आता

चि. सोनूस,


तुझा एमआरआयचा रिपोर्ट ताईने पाठवला, तो नीट वाचला. लहान आतड्याच्या वरच्या भागात, जेजुनममध्ये, एक पॉलिप 2 सेंटिमीटरहून थोडा मोठा आहे, बाकीचे बारीक. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून काढून घेऊ. तू म्हणतेस, कॅम्पस इंटरव्ह्यू होऊ देत, मला कुठे काही दुखतंय? फोनवर बोललो असतो तर 'हो मामा' म्हणून तू मोकळी झाली असतीस, म्हणून सविस्तर लिहितोय.

शाळेत तुझ्या ओठांवरचे तपकिरी-निळसर ठिपके बघून बाई विचारायच्या, पेन चावतेस का म्हणून. वयात आल्यावर ते फिकट झाले. गालाच्या आतले अजून असतील, आरशात बघ. डच डॉक्टर योहान्स प्यूट्झ यांनी 1921 मध्ये एका कुटुंबात असे डाग आणि आतड्यातल्या गाठी एकत्र चालत आल्याचं नोंदवलं. 1949 मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड जेगर्स आणि सहकाऱ्यांनी असे आणखी रुग्ण एकत्र मांडले. म्हणून या आजाराला प्यूट्झ-जेगर्स म्हणतात. त्यामागचा एसटीके-11 हा जीन 1998 मध्ये सापडला. आईवडिलांपैकी एकाला आजार असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. दाजींकडून तो तुझ्या वाट्याला आला, यात ना तुझा दोष ना त्यांचा. दाजी मनातून स्वतःला दोष देत असतात, हे मला ठाऊक आहे.

दाजींचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मी नवखा सर्जन होतो, टेबलाशी उभा होतो. रात्री पोटात कळ येऊन ते गडाबडा लोळत होते. पोट उघडलं तर आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकलेला. पॉलिप मोठा झाला की आतड्याची हालचाल त्याला अन्नाच्या घासासारखं पुढे ढकलू बघते. तो देठाने भिंतीला बांधलेला, म्हणून भिंतच त्याच्यामागे ओढली जाते. रक्तपुरवठा तुटतो. आमच्या वरिष्ठ सरांनी अडकलेला भाग हलक्या हाताने सोडवला, गरम सलाइनने भिजवलेली फडकी ठेवून आम्ही वाट पाहिली. थोड्या भागाला गुलाबी रंग परत आला, बाकीचा काळाच राहिला. तो कापावा लागला. पुढे काही वर्षांनी तसाच प्रसंग आला आणि आणखी एक तुकडा गेला.

सोनू, कापलेलं आतडं पुन्हा वाढत नाही. माणसाचं लहान आतडं साधारण 6 मीटर, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. 2 मीटरच्या खाली गेलं की खाल्लेलं अंगी लागणं कठीण होत जातं. शिवाय प्रत्येक ऑपरेशननंतर आत चिकटपणा येतो, वेटोळी एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या खेपेला दुर्बीण सरकवणं अवघड होतं. दाजींच्या बाबतीत आज नेमकं तेच आडवं येतं. तुझं पोट अजून कुणी उघडलेलं नाही. ही तुझ्या हातातली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, ती घालवू नकोस.

दाजींच्या तरुणपणी ऑपरेशनखेरीज दुसरा मार्गच नव्हता. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जायची, खालून घातलेली मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पोचायची. मधला सगळा पल्ला अंधारात. 2000 साली गॅव्ह्रिएल इदान या इस्रायली अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गिळायच्या कॅमेऱ्याची माहिती प्रसिद्ध केली. ती कॅप्सूल आतडं बघत बघत बाहेर पडते. पण ती फक्त बघते, तिला हात नाहीत.

हात दिले ते जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी. दुर्बीण जोर लावून ढकलली तर पुढे जात नाही, नुसतं वेटोळं ताणलं जातं, हे त्यांनी हेरलं. मग 2 मीटर लांबीच्या बारीक दुर्बिणीवर एक बाहेरची नळी चढवली आणि दोन्हींच्या टोकाला एकेक फुगा बसवला. दुर्बीण पुढे जाते, तिचा फुगा फुगून भिंतीला धरतो, मागून नळी येते, तिचा फुगा फुगतो आणि मग दोन्ही मिळून हलकेच मागे ओढल्या जातात. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना कापड जसं पिनेवर चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं नळीवर गोळा होतं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. 2001 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. माझ्या उभ्या आयुष्यात सर्जनच्या हातातली सुरी इतक्या सरळपणे कमी करणारी दुसरी युक्ती मी फारशी पाहिली नाही.

तुझा पॉलिप जेजुनममध्ये, म्हणजे तोंडाकडूनच जातील. तुला पूर्ण भूल असेल. आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो लवकर शोषला जातो आणि पोट फुगून राहत नाही. पॉलिप दिसला की आधी त्याचा देठ शोधायचा. खरी कसोटी तिथेच. या आजारातल्या पॉलिपच्या आत झाडाच्या फांद्यांसारखे स्नायूंचे धागे पसरलेले असतात, आणि मोठ्या पॉलिपच्या देठात कधी कधी आतड्याची सगळी भिंतच ओढली गेलेली असते. म्हणून घाईने फास आवळून कापणं बरं नव्हे. देठात सुईने सलाइन आणि थोडं ॲड्रिनलिन देतात, मग तारेचा फास घालून विजेच्या प्रवाहाने कापतात, जखमेला क्लिप लावतात. यामामोतोंच्या गटाने आणखी एक वाट काढली: देठ क्लिपने किंवा फासाने नुसता आवळून ठेवायचा, रक्तपुरवठा तुटला की पॉलिप आपोआप गळतो. त्यात तपासायला तुकडा हाती लागत नाही, ही उणीव.

धोका लपवत नाही. नुसत्या तपासणीत गुंतागुंत शंभरात एकाच्या आसपास. काही कापायचं असेल तर चारच्या आसपास. रक्तस्राव, आतड्याला भोक, स्वादुपिंडाला सूज. भोक पडलं तर सर्जन लागू शकतो, म्हणून जिथे सर्जन दाराशी आहे तिथेच हे करायचं.

लहान आतड्यातली प्रत्येक गाठ अशी निघते असंही नाही. स्नायूच्या थरातून उगवणारी जिस्ट, खोलवर रुजलेला कॅन्सर, लसिका ग्रंथींपर्यंत जाणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठी, या शस्त्रक्रियेकडेच जातात. ड्युओडेनमची भिंत पातळ, त्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जखमेवर सतत ओघळतो. तिथलं काम निराळंच, फार जपून करायचं. तुझी गाठ यांपैकी नाही.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार या आजारात आठव्या वर्षापासून लहान आतड्याची तपासणी सुरू करायची, दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची आणि 15 ते 20 मिलिमीटरहून मोठा पॉलिप त्रास नसताना काढायचा. 'त्रास नसताना' हे शब्द मुद्दाम लिहिले. या आजाराच्या रुग्णांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत जवळपास निम्म्यांना आतडं अडकण्याचा प्रसंग येतो, आणि ती रात्र इंटरव्ह्यूची तारीख बघून येत नाही. पुढे स्तन, मोठं आतडं आणि स्वादुपिंडाच्या तपासण्याही ठरलेल्या वयात कराव्या लागतील. ते आपण समोरासमोर बोलू.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: अशा किती दुर्बिणी त्यांनी स्वतः केल्या आहेत, त्या दिवशी सर्जन आणि भूलतज्ज्ञ कोण असतील, आणि तुकडा बायोप्सीला जाणार का. विचारायला लाजू नकोस, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. मधल्या काळात पोटात कळ येऊन उलट्या झाल्या किंवा शौचाला काळी झाली, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं, रूममेटलाही सांगून ठेव.

इंटरव्ह्यूच्या आधी काढून घे. तारीख मिळाली की मला कळव, मी आदल्या दिवशी पुण्याला येतो.

तुझा,
मामा